गुरुवारचं कपाट

१

निबिया काब्रेराला तुम्ही मारलंत, साहेब. जुन्या घराने नाही, लाकडाने नाही, आणि जमीन घासणाऱ्या कामगाराने तर नाहीच. तुमच्या कचेरीचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते तोंडात आलं की चूळ भरावी लागते. पण आपल्याबद्दलच चाललंय हे तुम्हाला पहिल्याच ओळीला कळलंय.

सोमवारी सकाळी मोंतेविदेओत पाऊस होता. आगुआदा भागातल्या एल्सिरा ओलिवेराच्या वखारीपुढे कचेरीची लॉरी येऊन थांबली. एल्सिरा पाडलेल्या घरांचं लाकूड विकते. एकसष्ट वर्षांची बाई, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. तीस वर्षं नवऱ्याबरोबर तिने लोकांच्या घरातल्या लाकडी जमिनी घासल्या, भोकं लुकणाने भरली, लॅकर मारलं. मग नवरा गेला, मशीन विकलं आणि वखार तेवढी राहिली.

लॉरीत अकरा फळ्या होत्या. ड्रायव्हर काचोला त्या कचरा डेपोत टाकायचा हुकूम होता. पण या शहरात पिनोतेआची फळी कोणी टाकून देत नाही. आज्या-पणज्यांच्या काळात जहाजातून आलेलं ते राळेने भरलेलं तांबूस लाकूड आता तसं मिळत नाही. जुन्या घरातली एक फळी बदलायची तर दुसऱ्या मेलेल्या घराचीच आणावी लागते. म्हणून काचोने डेपोऐवजी वखार गाठली.

वरची बाजू बघून एल्सिरा चकित झाली. ताजं लॅकर, आरशासारखं, वास अजून गेलेला नव्हता. एवढा खर्च केलेली फळी कोण फेकतं? तिने फळी उलटी केली आणि तिची चार बोटं लाकडात शिरली.

खालून लाकूड उरलंच नव्हतं. चहात बुडवून विसरलेल्या पावासारखा लगदा होता, त्यावर पांढरी बुरशी जाड सायीसारखी पसरलेली. हात बाहेर काढला तर तळव्याला काळा बुळबुळीत थर आणि उंदराच्या लेंड्या. पावसात हात धरून ती उभी राहिली, मग दुसऱ्या हाताने फळीची तुटलेली कड तपासली. कडेच्या फाट्यात राखाडी लोकरीचे धागे अडकले होते. धाग्यांवर काहीतरी तपकिरी वाळलेलं होतं. ते लॅकर नव्हतं.

तिने काचोकडे बघितलं. तो आपल्या ‘माते’च्या, म्हणजे तिथल्या कडू चहाच्या, भोपळ्यात गरम पाणी ओतत होता, जरा जास्तच लक्ष देऊन.

“मला काही विचारू नका, एल्सिराबाई,” तो म्हणाला. “घ्यायच्या तर घ्या.”

तिने घेतल्या आणि ताडपत्रीखाली झाकून ठेवल्या. तासाभराने तिच्या धाकट्या जावेचा फोन आला. दार्दोला, म्हणजे एल्सिराच्या दिराला, पोलिसांनी नेलं होतं. त्याने नुकतीच केलेली एक जमीन आदल्या दिवशी कोसळली होती आणि त्यात एक म्हातारी मेली होती.

२

एकट्या म्हाताऱ्या बायकांसाठी कचेरीने चालवलेलं ते घर. कोपऱ्यावरचं, एकमजली, मधे काचेच्या छताचा चौक आणि गल्लीच्या भिंतीला लागून ओळीने तीन खोल्या. चार बायका राहायच्या, आता तीन. मंगळवारी एल्सिरा तिथे गेली तेव्हा दार बेबाने उघडलं. ती घराची व्यवस्था बघायची.

रविवारी काय झालं ते बेबाने एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं. निबिया एकोणऐंशी वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म काढलेली. सोमवारी घरात मोठे पाहुणे यायचे होते, फोटो निघणार होते, म्हणून ती आपला राखाडी लोकरी कोट काढायला आपल्या तिसऱ्या खोलीतल्या कपाटाशी गेली. कसर लागली आहे का ते उजेडात बघावं म्हणून कोट घेऊन खिडकीकडे वळली. कपाट आणि खिडकी यांच्यामधे जमीन फाटली आणि ती कमरेपर्यंत खाली गेली. बेबा बाजारात होती. बाकीच्या तिघी पहिल्या खोलीत रेडिओवर प्रार्थना ऐकत होत्या, मोठ्याने, कारण दोघींना ऐकू कमी येतं. बारा वाजता निबिया सापडली. मांडीत फळीचा फाटा घुसला होता. नऊ ते बारा, तीन तास ती त्या चिखलात अडकून होती आणि दोन भिंतींपलीकडे प्रार्थना चालली होती.

एल्सिराने विचारलं, दार्दोने जमिनीबद्दल काही सांगितलं होतं का? बेबा म्हणाली, काही म्हणजे काही नाही. हे सांगताना तिने धुतलेला कप पुन्हा धुतला, आणि मग तिसऱ्यांदा.

चौकात ओतिलिया आजी बसल्या होत्या, चौऱ्याऐंशीच्या. त्यांना आधी आपली तक्रार सांगायची होती. जमिनीच्या कामासाठी निबियाची खोली रिकामी केली तेव्हा तिचं ते तीन दारांचं कपाट कचेरीच्या लॉरीवाल्यांनी आणून ठेवलं संडासाच्या दारात.

“सोमवार ते शनिवार,” आजी म्हणाल्या. “मी अशी आडवी होऊन आत शिरायचे. या वयात, हे पोट घेऊन. निबिया म्हणायची, आत बसून चहा मागव, बाहेर येईस्तोवर गार होईल.” त्या हसल्या आणि मग हसायचं थांबून चौकाच्या फरशीकडे बघत राहिल्या.

एल्सिरा बाहेर गल्लीत आली. भिंतीला फिकट हिरवा रंग होता, नवा कोरा. शेजारचं घर त्याच गवंड्याने त्याच वर्षी बांधलेलं. त्याच्या जोत्यात घोट्याच्या उंचीवर लोखंडी जाळीचे झरोके होते. इकडच्या भिंतीत एकही नाही. ती वाकली, बोटाच्या पेराने गिलावा ठोकत निघाली. ठक, ठक, ठक, ढब. पाच ठिकाणी ढब.

शेजाऱ्याने सांगितलं, उन्हाळ्यात कचेरीची माणसं आली होती, उंदीर येतात आणि दिसायला वाईट म्हणून जाळ्या बुजवून गेली.

जमीन घासून जन्म गेलेल्या बाईला पुढचं कोणी सांगायची गरज नव्हती. ही जमीन मातीवर टेकलेली नसते. खाली गुडघाभर पोकळी, पोकळीत तुळया, तुळयांवर फळ्या. झरोक्यांतून वारा वाहतो तोवर शंभर वर्षं काही होत नाही. झरोके बुजवले की मातीची ओल वर चढते आणि लाकडात मुरते. नाक-तोंड दाबलं की माणूस मरतो, तशीच जमीनही मरते. वरून ती मेलेली दिसत नाही, एवढाच फरक.

मग प्रश्न उरला तो दार्दोचा. त्याला हे दिसलं कसं नाही?

३

पोलिसांचं म्हणणं सोपं होतं: कामगाराने जास्त घासलं, फळ्या पातळ झाल्या, तुटल्या. येत्या गुरुवारी सकाळी न्यायाधीशापुढे हेच जाणार होतं, आणि ते टिकलं तर दार्दो कित्येक वर्षं आत जाणार होता.

कोठडीत दार्दो बाकावर बसला होता. बावन्न वर्षांचा माणूस, दोन दिवसांत म्हातारा झालेला. लॅकरचे डाग अजून नखांत होते.

“वहिनी, मी जास्त घासलं नाही,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे. फळ्या माझ्या वखारीत आहेत, पट्टी लावून मोजल्यात. केसभर गेलंय. मी ते विचारायला आले नाही. ठोकून बघितलं होतंस?”

तो नखातलं लॅकर खरवडू लागला.

“गेल्या मंगळवारी,” तो म्हणाला. “खिडकीकडे आवाज मेला होता. बेबाला म्हटलं, फळ्या उचलून बघू, झरोके उघडायला लागतील. तिने आत जाऊन कचेरीत फोन केला. अकराच्या सुमारास. बाहेर आली आणि म्हणाली, सोमवारी पाहुणे आहेत, फोटो आहेत. वरून चमकव, खालचं मागाहून बघू.”

“आणि तू चमकवलंस.”

“मी सांगितलं होतं, वहिनी.”

“कोणाला? तिथे झोपणाऱ्या बाईला सांगितलंस?”

एल्सिराला त्याची किळस आली, खरी किळस, फळीत बोटं शिरली तेव्हा आली होती तशी. याच्या भावाने एकदा कुजक्या जमिनीवर लॅकर मारायला नकार देऊन चालतं काम सोडलं होतं, आणि त्या महिन्यात घरात रोज शेवयांचं पाणी शिजलं होतं. पण किळस येणं वेगळं आणि माणूस न केलेल्या खुनासाठी आत जाणं वेगळं.

ती बाहेर आली तर दार्दोला मिळालेली वकीलबाई दारातच उभी होती. पोरगी हुशार होती, पण चेहरा पडलेला. कचेरीने आत्ताच एक कागद दिला होता.

“संपलं सगळं,” ती म्हणाली. “त्यांचा आर्किटेक्ट मागच्या गुरुवारीच तिथे गेला होता. त्याने दार्दोला काम थांबवायला सांगितलं होतं.”

४

कागदावर आर्किटेक्ट लामास यांची सही होती आणि तारीख गुरुवारची, निबिया मेली त्याच्या तीन दिवस आधीची. मजकूर छोटा होता:

‘सकाळी अकरा वाजता तिसऱ्या खोलीत प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या फळ्या पायाखाली दबतात. प्रमाणाबाहेर घासल्यामुळे जमीन कमकुवत. काम थांबवण्याची तोंडी सूचना कामगारास दिली.’

वकीलबाईने विचारलं, दार्दो काय म्हणतो? दार्दो म्हणत होता, असा कोणी माणूस आलाच नाही. पण आरोपीचं कोण ऐकतं? एका बाजूला शिक्का, दुसऱ्या बाजूला लॅकरने माखलेली नखं.

एल्सिराने कागद तीनदा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना ती हसली. ते हसणं ऐकायला बरं नव्हतं.

“या माणसाने आपल्या घराची जमीन आयुष्यात एकदाही करून घेतलेली नाही,” ती म्हणाली.

म्हणजे काय, ते तिने सांगितलं नाही. एवढंच म्हणाली की उद्या या साहेबाला त्या खोलीत आण, आणि येताना कचेरीच्या लॉरीचा शनिवारचा कामाचा कागद मिळव. त्या दिवशी लॉरी कुठे गेली, कोणी काय उचललं, ते त्यावर लिहिलेलं असतं.

५

बुधवारी दुपारी लामास आला. चाळिशीचा, बूट स्वच्छ, नाकाला रुमाल. भोकावर प्लायवूड टाकलं होतं, तरी कडेकडेने वास येत होता: साचलेलं पाणी, मेलेला उंदीर आणि वरून लॅकर. कुजक्या दातावर सोन्याचं टोपण बसवावं तशी ती खोली चमकत होती. दारात बेबा, तिच्यामागे ओतिलिया आजी आणि दुसऱ्या दोघी.

एल्सिराने अगदी नम्रपणे विचारलं, गुरुवारी साहेब कुठे उभे होते?

“इथे,” लामासने बूट टेकवून दाखवलं. “कपाटापासून दोन पावलांवर.”

“दारातून चालत आलात?”

“नाहीतर काय, उडत? बाई, मुद्द्यावर या.”

ती मुद्द्यावर आली. गुरुवारी सकाळी आठला दार्दोने लॅकरचा दुसरा हात मारला होता. ते संध्याकाळपर्यंत चिकट असतं. त्यावर बुटाचा एक ठसा उमटला तर पुसून जात नाही, अख्खी जमीन पुन्हा घासावी लागते. ती भिंतीला धरून कशीबशी खाली बसली, गाल जमिनीशी नेला आणि खिडकीच्या उजेडात आडवं बघितलं. वकीलबाईलाही बघायला लावलं. दारापासून भोकापर्यंत पाण्यासारखी सपाट चकाकी होती. ठसा एकही नव्हता.

लामास डगमगला नाही. दुसरा हात गुरुवारी मारला हे कोण सांगतं? तो कामगारच ना? बुधवारी मारला असेल. गुरुवारी अकराला सुकलेला असेल.

“बरं, बुधवारी धरू,” एल्सिरा म्हणाली. “तुमचंच खरं. मग तुम्ही आलात तेव्हा हे कपाट इथेच होतं?”

“इथेच. दुसरीकडे कुठे असणार एवढं धूड?”

“संडासाच्या दारात होतं, बाळा,” मागून ओतिलिया आजी म्हणाल्या.

लामासने समजूतदार हसू आणलं आणि वकीलबाईकडे बघून म्हणाला की आजींचं वय झालंय. आजींनी त्याला सांगितलं की वय झालंय म्हणूनच संडास कुठे आहे ते पक्कं लक्षात राहतं, आणि त्याच्यावरही ती वेळ येईल. बाकीच्या दोघींनी माना हलवल्या. पण एल्सिराने त्यांच्या साक्षीवर काही सोडलं नाही. तिने बेबाला हाक मारली, वकीलबाईला हाक मारली, आणि तिघींनी मिळून कपाट हातभर सरकवलं.

खाली लॅकर होतं. अखंड. जिथे कपाटाचे पाय टेकले होते तिथेसुद्धा.

“जमीन करायची तर खोली आधी रिकामी करतात, साहेब,” एल्सिरा म्हणाली. “हे कपाट इथे उभं असतं तर लॅकर त्याच्याभोवती थांबलं असतं आणि खाली कोरं लाकूड राहिलं असतं. लॅकर कपाटाखाली गेलंय, म्हणजे मारताना कपाट इथे नव्हतं.”

“मारून झाल्यावर आणलं असेल. बुधवारीच.”

“ओल्यावर? पाय चिकटले असते, आज सरकवताना सालं निघाली असती. एवढ्या वजनाला दोन दिवस थांबतात. आणि आणलं कोणी ते मी सांगत नाही, तुमची कचेरीच सांगते.”

वकीलबाईने लॉरीचा कागद काढला. शनिवार, दुपारी तीन. तिसऱ्या खोलीत एक कपाट हलवलं. खाली काचोची सही, शेजारी कचेरीचा शिक्का.

एल्सिरा आता सावकाश बोलत होती, गिऱ्हाइकाला फळी निवडून देताना बोलते तशी. दुसरा हात बुधवारी मारा नाहीतर गुरुवारी, कपाट खोलीत आलं शनिवारी दुपारी. गुरुवारी इथे येणाऱ्याला चार भिंती आणि मोकळी जमीन दिसली असती. कपाट आणि खिडकी यांच्यामधल्या फळ्या असं लिहिणाऱ्याने शनिवारनंतरची खोली बघितली होती. आणि तेवढ्याच फळ्या दबतात हे त्याला नेमकं कसं कळलं? कारण तिथे भोक होतं. तो रविवारी संध्याकाळी आला होता, बाईला उचलून नेल्यावर. घाई इतकी की फाटलेल्या फळ्या दुसऱ्याच सकाळी डेपोत पाठवल्या. त्या डेपोत पोचल्या नाहीत. सगळ्या अकरा वखारीत होत्या, घासलेली बाजू शाबूत, खालची बाजू सडलेली, आणि त्या बाजूला दार्दोचं मशीन कधी लागलंच नव्हतं.

लामासने नाकावरचा रुमाल काढला.

“मजकूर मला फोनवर सांगितला,” तो म्हणाला. “मी फक्त सही केली.”

“कोणी सांगितला?”

“वरून.”

बेबा दाराच्या चौकटीला धरून रडायला लागली. मंगळवारी तिने खरंच फोन केला होता, दार्दो म्हणाला ते शब्द न शब्द सांगितले होते. नोकरी जाईल म्हणून ती गप्प बसली होती. पलीकडे कोण होतं असं विचारलं तर म्हणाली, तिथे नाव कोणी सांगत नाही. पुरुषाचा आवाज होता, काहीतरी खात होता, आणि म्हणाला, चमकव.

६

गुरुवारी दार्दो सुटला. संध्याकाळी पुडा भरून बिस्किटं घेऊन वखारीच्या दारात आला. एल्सिराने त्याला आत घेतलं नाही.

“ही त्या तिघींकडे ने,” ती म्हणाली. “आणि त्या कशावर झोपतात ते आज तरी तोंडाने सांग.”

तो गेला. त्याने सांगितलं. ओतिलिया आजींनी ऐकून घेतलं आणि पुडा न उघडता त्याच्या हातात परत दिला.

कचेरीचं पत्र शुक्रवारी सकाळी वकीलबाईला आलं. अहवालावरची तारीख टंकलेखनाची चूक होती. लामास यांची दुसऱ्या खात्यात बदली झाली होती. चौकशी चालू होती. पत्राखाली सही नव्हती, नुसता शिक्का. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीबद्दल एक अक्षर नव्हतं. त्या खोल्यांत तीन बायका त्याच पोकळीवर झोपत होत्या, आणि पाचही झरोके बंद होते.

त्याच दुपारी एल्सिरा हातोडी आणि छिन्नी घेऊन गल्लीत गेली, एका गोणपाटावर बसली आणि नवाकोरा हिरवा गिलावा फोडला. पहिला झरोका उघडला तेव्हा आतून जी हवा आली तिने रस्त्यातली माणसं पलीकडच्या फुटपाथवर गेली. ती ओकली. तोंड पुसून दुसऱ्या झरोक्याकडे सरकली. पाचही उघडायला चार तास लागले.

सोमवारी तिला नोटीस आली. मधे शनिवार-रविवार सुट्टी असूनसुद्धा. सार्वजनिक मालमत्तेच्या दर्शनी भिंतीला पाच भोकं पाडली, आठ दिवसांत स्वखर्चाने बुजवून द्यावीत. या वेळी खाली सही होती. पूर्ण नाव, हुद्दा, टेबलाचा नंबर, फोन, सगळं.

एल्सिराने नोटीस वखारीच्या मेजावर पालथी घातली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर, फळ्यांवर खुणा करायच्या जाड पेन्सिलीने उत्तर लिहिलं:

‘भोकं बुजवणार नाही. दोन्ही खोल्यांतल्या फळ्या उचलून तुळया बघा, तोवर त्या तिघींना दुसरीकडे ठेवा. भिंतीच्या पाच भोकांना तुमच्याकडे तीन दिवसांत माणूस सापडला, नावासकट. तर मग हेही सांगा. मंगळवारी अकरा वाजता फोन कोणी उचलला? नाव लिहून पाठवा. पत्ता तुम्हाला माहीत आहे.’